पोलादाची थकलेली नळी

जेमतेम मूठ जाईल अशी पोलादी नळी. तिला ना कुणी हातोडा मारला, ना कुणी पाडलं. मग ती तडकवली कुणी?

साखर कारखान्याचा मुंगळा नावाचा बोटभर तपासनीस यंत्रमानव बॉयलरच्या (पाण्याची वाफ करणाऱ्या अवाढव्य यंत्राच्या) नळीतून सरपटत बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "भेगा आहेत. बऱ्याच."

बाबांबरोबर कारखान्यात आलेली शाळकरी केतकी पुढे सरकली. तिचे बाबा याच बॉयलरसमोर उभे राहून जाळ सांभाळत. आणि आज हंगामाचं अग्निप्रदीपन! पाहुण्यांनी आग पेटवायची आणि वाफ भरून भोंगा वाजला की मगच जेवायला बसायचं, अशी इथली परंपरा.

"भेगा? अरे, नळी आहे की पापड?" अध्यक्ष तात्यासाहेब गरजले.

"हातातल्या गुच्छाची तार काढा," मुंगळा म्हणाला. "वाकवा. सरळ करा. पुन्हा वाकवा."

तात्यासाहेब वाकवत राहिले. कट्! दचकून ते म्हणाले, "मी जोर नाही लावला हं!"

"नळीलाही कुणी लावला नाही. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. भोंग्याच्या घाईनं तुम्ही एकदम जाळ करता. नळीची आगीकडची बाजू फुगू पाहते, पाण्याकडची गार बाजू तिला फुगू देत नाही. हंगामात बॉयलर बंद पडला की पुन्हा तीच घाई, तीच ओढाताण. याला धातुश्रांती (पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकणं) म्हणतात."

"आणि आज वाफ भरली तर?" केतकीनं कसंबसं विचारलं.

"नळी फुटेल. समोर असेल तो भाजेल."

"पण पाहुणे निघालेत!" तात्यासाहेब म्हणाले.

"माझे बाबा बॉयलरपाशी पोचलेतसुद्धा," केतकी म्हणाली.

तात्यासाहेबांनी पाहुण्यांना फोन लावला. कारखान्याच्या इतिहासात प्रथमच मुहूर्त पुढे गेला.

नळ्या बदलल्या. नव्या नळ्यांना फुगायला जागा ठेवली. जाळ हळूहळू वाढवायचा आणि तापल्या नळीत गार पाणी सोडायचं नाही, असं ठरलं.

नव्या मुहूर्ताला तात्यासाहेब पाहुण्यांना म्हणाले, "जाळ हळूहळू वाढणार, भोंगा उद्या वाजेल. तोवर भाषण चालू द्या!" मंडप हादरला. पाहुण्यांचाही चेहरा उतरला. दोन वाक्यांत भाषण आटोपून ते जेवायला पळाले.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. संध्याकाळी बाबा घरी आले, तशी केतकी म्हणाली, "मोठी झाले ना, की थकण्याआधी स्वतःच सांगेल अशी नळी बनवीन."

"बनव," बाबा म्हणाले. "पण सावकाश. आम्हाला आता घाई नाही."