आंब्याखालची ओळ

लामियतने गांजाचा तुरा दोन बोटांत दाबला आणि तो राखेसारखा विसकटला. आत करडी बुरशी आणि कुजका वास. दुसरा दाबला, तोही तसाच.

मग तिने जी बोंब ठोकली, ती म्हणे मेकाँग ओलांडून लाओसात गेली आणि तिथली बदकं अंडी टाकून पळाली.

सार्जंट प्रयाद आले तेव्हा ती पायरीवर बसून कोयता घासत होती.

"कोयता कशाला, मावशी?"

"त्या शेजारच्या थोंगसुकसाठी! साहेब, या आठवड्यात इस्पितळाची माणसं यायचीत. औषधाला स्वच्छ माल मिळाला नाही तर माझा परवाना जाणार. आणि परवाना हवा होता कुणाला? त्याच मेल्याला. भर बाजारात म्हणाला होता, लामियतची बाग कुजेल तेव्हाच मला झोप लागेल."

"आधी बाग बघू. कोयता खाली."

पावसाळा संपला होता. नदीवरून असं कोरडं वारं सुटलं होतं की दोरीवरचे कपडे पापडासारखे वाजत होते. तरी तुरे आतून ओले. प्रयाद वाकले. कुजक्या तुऱ्यांवर बारीक काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

कोपऱ्यात आंब्याचं झाड होतं, त्याखाली गांजाची एक ओळ. खाली गच्च सावली, वाऱ्याला वाट नाही. फांद्यांवर लाल मुंग्यांची पानं शिवलेली घरटी. कुजायची तर आधी ही ओळ. प्रयादांनी तुरा दाबला. कडक, कोरडा, घमघमीत! तेवढ्यात मानेवर कडकडून चावा बसला आणि सार्जंटसाहेब वर्दीतच नाचले.

बांबू आणि टोपली घेऊन थोंगसुक समोरूनच आला.

"बाग तू कुजवलीस?"

"कुजावी म्हणून रोज हात जोडतो. लावला नाही."

"या आंब्याकडे येतोस?"

"रोज. मुंग्यांची अंडी काढायला, कालवणाला. लामियत डुलकी काढते तेव्हा. तेवढी चोरी लिहून घ्या."

"चावत नाहीत?"

"माझं कातडं चाखून कंटाळल्या बिचाऱ्या."

मग दिवस कलताना लामियतची विधवा नणंद आली, सांगुआन. पांढरी साडी नाही, पण अंगावर विहारात जायचे पांढरेशुभ्र कपडे, हातात पाण्याचा वाडगा, चेहरा कसा अगदी दुधावरची साय.

"वहिनीच्या बागेला नजर लागू नये म्हणून मी विहारातलं मंतरलेलं पाणी शिंपडते," ती म्हणाली. "तुरे धरल्यापासून, रोज दिवेलागणीला. तरी बघा कसं झालं!"

"मग आत्ता आंब्याखाली शिंपडा."

"अगंबाई, तिथे नको! त्या मुंग्यांनी एकदा माझा डोळा पपईएवढा केला होता."

प्रयादांनी तिच्या वाडग्यात बोट बुडवलं, चाटलं आणि तिघांना ओट्यावर बसवलं.

"बुरशीला ओल लागते," ते म्हणाले. "पाऊस नाही, वारं कोरडं. तरी उघड्यावरच्या ओळी कुजल्या आणि सगळ्यात दमट ओळ वाचली. म्हणजे ओल आभाळातून आली नाही, माणसाच्या हातातून आली. आणि त्या माणसाला आंब्याखाली जायची भीती वाटते. थोंगसुक तर रोज तिथेच असतो."

"बघ!" थोंगसुक म्हणाला.

"तू गप. मंतरलेलं पाणी शिंपडतात थेंबभर. इथे तुऱ्यांना आंघोळ घातलीय, तीही दिवस बुडताना, म्हणजे रात्रभर सुकायला नको. आणि काळ्या मुंग्या कशाला जमल्या? विहारातलं पाणी गोड कधीपासून झालं, सांगुआनताई?"

दुधावरची साय फाटली.

"ताडगूळ," सांगुआन म्हणाली. "पातळ करून घातला. बुरशीलाही खायला नको?"

"वन्सं!" लामियत किंचाळली. "तुम्ही?"

"लग्नाच्या भरपंगतीत कोण म्हणालं, सांगुआनच्या आंबवलेल्या मासळीच्या रांजणात अळ्या आहेत? आईच्या हातचं आंबवण ते! एक गिऱ्हाईक उरलं नाही. पोरंसुद्धा मला बघून नाक धरायची. म्हटलं, बघू तरी तुझं कुजल्यावर कसं वाटतं."

"अळ्या होत्याच!"

"एक होती!"

प्रयादांनी खिशातून पेन काढलं. "मावशी, तक्रार लिहू?"

लामियत नणंदेकडे वळली. मग हसली. ते हसू बघून थोंगसुक टोपली उचलून निघूनच गेला.

"नको, साहेब. तुरुंगात हिला आयतं गिळायला मिळेल. ही माझ्याच घरी राहील. रोज माझ्यासमोर बसून जेवेल. मी रांधणार, मीच वाढणार. आणि वन्सं, त्यात काय घातलंय ते मी सांगणार नाही."

कुजकी झाडं जाळली. आंब्याखालची ओळ इस्पितळाला पसंत पडली आणि परवाना राहिला. लामियतने सांगुआनच्या पानात भात आणि भाजलेल्या मिरचीच्या चटणीखेरीज कधी काही वाढलं नाही. पण ते सांगुआनला कुठे ठाऊक? ती अजून पहिला घास कोंबडीला टाकते, कोंबडी उभी राहते का बघते, मगच खाते. गावातली सगळ्यात लठ्ठ कोंबडी आता तीच. चालताना पोट जमिनीला घासतं तिचं.