चुकीच्या गालावरचा तीळ

जिन्याच्या वळणावर आमची टक्कर झाली आणि माझ्या हातातली गुलाबी रंगाची वाटी थेट त्याच्या पांढऱ्या शर्टावर!

"वा! म्हणजे आज मलाही रंगवलंत," फिर्मां हसत म्हणाला.

आमच्या छापखान्यात तो खाली छपाईच्या दगडावर नर्तकींची चित्रं काढायचा. आम्ही मुली वर बसून छापलेल्या कागदांवर रंग भरायचो. गाल आणि ओठ माझ्याकडे. त्या दिवसापासून त्याला रोज वर काहीतरी काम निघू लागलं... आणि मला ब्रश धुवायला खालचंच पाणी आवडू लागलं.

पॅरिसभर नर्तकी फिओरिनीबाईंच्या नव्या बॅलेची चर्चा होती. त्यांच्या चित्राचा पहिला छाप माझ्यासमोर आला. फुलावर अलगद टेकलेला पायाचा अंगठा, धुक्यासारखा झगा, आणि... ओठाशेजारी तीळ! बाईंना तीळ नाही. मला आहे.

मी धावतच खाली गेले. "हे काय केलंत? बाई आत्ता चित्र बघायला येतायत. नापसंत पडलं तर मालक तुम्हाला हाकलतील!"

त्याचा चेहरा पडला. "हात आपोआप गेला, ओर्तांस."

"तोही चुकीच्या गालावर! माझा डावीकडे आहे. दगडावर काढलेलं उलटं उमटतं, हे मी सांगायचं तुम्हाला?"

"तुमचा विचार करताना — डावं-उजवं सुचतंय कुठे?"

माझे गाल रंगाशिवायच लाल झाले. तेवढ्यात बाई आल्याच. चित्र हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. तो गेला तर माझं कसं होणार, एवढंच माझ्या मनात होतं.

"हा तीळ कुणाचा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि खो-खो हसत सुटल्या. "अरे, ही एवढीशी पावलं तरी कुठे माझी आहेत? माझा जोडा बघ, होडी आहे होडी! मग तिळानेच माझं काय घोडं मारलंय? राहू दे. आज मी तसाच तीळ लावून नाचते."

आठवड्याभरात शहरातल्या बायका उजव्या गालावर तीळ काढून मिरवू लागल्या.

"झालं समाधान?" मी फिर्मांला चिडवलं. "आता एवढ्या तिळांत खरा कुठला, कसं कळायचं?"

"मला कळेल. पण पुन्हा चूक नको... जरा जवळून बघू द्या. रोज. जन्मभर."

"बघ की," मी म्हणाले — पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून — आणि डावा गाल पुढे केला.