धर्मशाळेच्या मलब्याचा हौद

तिवशाजवळच्या मळ्यात हौद बांधायला गेलो, ते काम साधंच होतं. केशवराव माळ्याची संत्र्याची दोनशे झाडं पहिल्या बहराला आली होती आणि वैशाखात विहिरीचं पाणी बुडाशी गेलं होतं. थोडं थोडं झिरपणारं पाणी हौदात साठवलं तरच झाडं जगणार होती. चुना मिळाला, पण विटांची भट्टी बंद.

"चांदूर रेल्वेच्या वाटेवर थे पडलेली धर्मशाळा हाय ना, नत्थुजी," केशवराव म्हणाला. "तिचा मलबा कुटून नाई चालनार काय?"

नाही कसं म्हणणार? जुनी वीट कुटून केलेली सुरखी चुन्याला घट्ट धरते, हे मीच गावभर सांगत फिरायचो. पण ती धर्मशाळाही मीच बांधत होतो. आठ वर्षांपूर्वी तिच्या ओल्या छतावर पाच बाया चुन्याचा कोबा ठोकत होत्या आणि पलीकडच्या कमानीला लाकूड हवं म्हणून मी खालचा एक टेकू काढायला लावला. छत बायांसकट खाली आलं, पाचही जणी गेल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्या पाचांत केशवरावची सासू होती, पार्बताबाई.

मलबा आला, कुटला. चुना, सुरखी, विटांचे तुकडे आणि गुळाचं पाणी कालवून हौदाच्या तळाला कोबा घातला. केशवरावची बायको शकुन आणि आणखी चार बाया पहाटेपासून लाकडी थापीनं तो ठोकत होत्या. कोबा घट्ट होईपर्यंत ठोकावाच लागतो. मधेच सुकला की फाटतो. मिस्तरी काही थापी धरत नाही. मी काठावर उभा राहून नुसतं तोंड चालवत होतो, त्यात मी पटाईत.

भर दुपारी बायांना भोवळ येऊ लागली, तशा त्या आंब्याखाली जाऊन बसल्या. पाहता पाहता कोब्यावर बारीक चिरा पडू लागल्या. बायांना हाक मारायला वळलो, तोच मागून आवाज आला.

थप्... थप्...

हौदात कुणी नव्हतं. आंब्याखाली पाचही बाया मला दिसत होत्या. हौदातून मात्र पाच ठोके पडत, मग एका ठोक्याएवढी शांतता, पुन्हा पाच. ओल्या चुन्याचा आणि गुळाचा वास एकदम दाटून आला. माझ्या डोळ्यांसमोर चिरा मिटत होत्या, कोब्याला झिलई चढत होती, तळ लखलखत होता. इतकी सुबक ठोकणी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. भीती वाटली, खूप वाटली. तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

शकुन केव्हा शेजारी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"मायची ठोकनी हाय ही..." ती हळूच म्हणाली. "आखरीचा ठोका दाबून मारे थे."

एक कोपरा तेवढा राहिला होता. एक माणूस उकिडवा बसेल एवढ्या जागेत चिरा रुंदावत चालल्या होत्या. तिथे एकही ठोका पडत नव्हता.

"शकुन... थो टेकू म्या काढाले लावला व्हता..."

तिनं आपली थापी माझ्या हातात दिली.

"मले ठाव हाय. कोबा सुकून राहिला, भाऊ. बसा."

मी उतरलो. कोपऱ्यात बसून पहिला ठोका मारला, तो नेमका पाच ठोक्यांनंतरच्या त्या रिकाम्या जागी पडला. पाच आणि एक. पाच आणि एक. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालत होता. हळूहळू चिरा मिटल्या. थापी दगडावर पडल्यासारखी टणटण वाजू लागली.

"झालं, भाऊ," काठावरून शकुन म्हणाली. "जगली झाडं. थांबा आता."

मी थापी बाजूला ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

माझा सहावा ठोका तरीही पडतच राहिला.