पाटीचा उघडा कोपरा

पेंटर त्या रात्री घरातून निघाला तो ब्रश आणायला. एवढंच काम होतं. रंग लागलेले ब्रश रात्रभर तसेच राहिले की सकाळी त्यांचं लाकूड होतं, आणि त्यातला एक त्याच्या गुरूने दिलेला होता.

फोन ठेव गं बाजूला. मघापासून तू ज्या हॉटेलचे फोटो दाखवतेयस, ‘काका, बघा ना, तुमच्या वेळचा किनारा’ म्हणून, त्याच हॉटेलातली ही गोष्ट आहे. मी तिथे नव्हतो. पेंटरने मला सांगितलं, आणि पेंटर थापा मारणारा माणूस नाही. थापा मारायला लागते तेवढी बुद्धी त्याला नाही, असं त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणतात. आता सांगताना मीच कुठे नकळत भर घातली तर मला माफ करा. या वयात आपण ऐकलं किती आणि मनाने जोडलं किती, याची खात्री देववत नाही.

रात्र मात्र पक्की आहे. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली अमावास्या. गुरुवार. शुक्रवारी सकाळी हॉटेलचं उद्घाटन होतं.

तो किनाऱ्याचा रस्ता तुम्ही पोरांनी पाहिलेला नाही. तुम्ही जन्मायच्या कितीतरी आधी भराव घालून समुद्र लांब ढकलला गेला. पूर्वी रस्त्याच्या एका अंगाला दुकानांची रांग होती, दुसऱ्या अंगाला दगडी कठडा, आणि कठड्याखाली थेट पाणी. उधाणाच्या दिवशी लाट कठडा ओलांडून गिऱ्हाइकाचे पाय धुवायची. खारी हवा पाट्यांचा रंग खाऊन टाकायची, त्यामुळे पेंटरला उसंत नसायची. शिंपी, घड्याळजी, चष्मेवाला, फोटोग्राफर, सगळ्यांच्या पाट्या त्याच्या हातच्या. रांगेच्या टोकाला त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि दुकानावर एक खोली. लग्न झाल्यावर वहिनींना घेऊन तो त्याच खोलीत आला.

त्या रस्त्याची एक रीत होती. अक्षरं लिहून झाली की पेंटर पाटीभोवती कड काढायचा, पण खालचा एक कोपरा उघडा सोडायचा. बोटभर. दुकान सुरू व्हायच्या दिवशी मालक स्वतः शिडीवर चढायचा, ब्रश हातात घ्यायचा आणि तो कोपरा जोडायचा. कुणाचा हात थरथरायचा, कुणाची रेघ पार अक्षरात घुसायची. पेंटर ती कधी सुधारायचा नाही. कोपरा जोडला की दुकान उघडलं. त्याआधी दार सताड उघडं असलं, आत दिवा असला, तरी कुणी पायरी चढत नसे.

हॉटेलवाल्यांनी तळमजल्यावर त्या रस्त्याची हुबेहूब नक्कल उभी केली. सगळी प्लायवूडची दुकानं. शटरमागे वीतभर जागा आणि मग भिंत. पाट्या छापून मिळाल्या असत्या, पण हॉटेलमालकाला खऱ्या हाताचं काम हवं होतं. पेंटरला शोधून आणलं. पोटापाण्याचं काम त्याने केव्हाच सोडलं होतं. रंगाचा डबा उघडला आणि गड्याचं वय उतरलं. कुठल्या अक्षराला कुठली सावली, घड्याळजीचा निळा किती निळा, सगळं डोळ्यांसमोर उभं.

वहिनींचं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने आधीपासूनच दिसत नव्हतं, म्हणजे सगळी मदार या एकावर. डॉक्टरांनी बजावलं होतं, थेंब चुकवू नका, एकदा बिघडलं तर माझ्या हातात काही नाही. मुलं लांब. थेंब घालणारा एकटा पेंटर.

“झाला का तुमचा रस्ता बांधून?” वहिनी खाटेवरून विचारायच्या.

“होत आलाय. सगळं जिथल्या तिथे. तू बघशील तर रडशील.”

“रडायला मनाई आहे मला.”

“डोळा बरा झाला की नेतो तुला.”

“मला नका नेऊ बाई. तुमचा रस्ता तुम्हालाच लखलाभ.”

हे त्याला लागायचं. त्या दिवसांची तिला ओढ कशी वाटत नाही, हे त्याला कधी कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.

तर गुरुवारी संध्याकाळी मॅनेजर आला. पोरगेलासा, पण शिस्तीचा.

“काका, सगळ्या पाट्यांचे कोपरे राहिलेत.”

“ते मालक जोडतात.”

“कुठले मालक?”

पेंटरने पाट्यांकडे पाहिलं. खरंच, कुठले मालक? चष्मेवाला गेला. घड्याळजी गेला. शिंपी तर त्याचा जिवाभावाचा, त्याला स्मशानात पोचवायला तो स्वतः गेला होता. मॅनेजर म्हणाला, “उद्या पाहुणे येणार, काम अर्धवट दिसतं.” पेंटरने शिडी लावली आणि एकामागून एक सगळे कोपरे जोडून टाकले. हात स्थिर होता. मनाला जरा टोचलं, नाही असं नाही. शेवटी फक्त स्वतःची पाटी उरली. “ही उद्या सकाळी,” असं म्हणून तो खाली उतरला. तेवढ्यात थेंबांची वेळ झाल्याचं ध्यानात आलं आणि ब्रश डब्यातच राहिले.

ते आठवलं जेवणानंतर.

“हा गेलो आणि हा आलो.”

“झोपायच्या आधीचे थेंब राहिलेत.”

“अगं, येतोच की.”

“तुमचं येतोच मला माहीत आहे. त्या रस्त्याला लागलात की गेलात.”

हॉटेलच्या मागच्या दाराशी वॉचमन होता. “काका, आता अंथरूणच आणा इकडे,” म्हणाला आणि आत सोडलं. आतल्या नकली रस्त्याचे दिवे बंद होते. पेंटरने मोबाइलचा उजेड पाडला आणि चालू लागला. ब्रशचा डबा पार टोकाला, त्याच्याच पाटीखाली होता.

आधी वास आला. रंगाचा नव्हे. खारा, ओला वास.

मग आवाज. डाव्या कानाला.

पेंटर थांबला. डावीकडच्या भिंतीपलीकडे गाड्या लावायची जागा आहे. समुद्र गाठायचा तर हल्ली तिथून रिक्षा करावी लागते. आणि हा आवाज कठड्याचा होता. लाट दगडावर आपटते, क्षणभर थांबते, मग पाणी फटींमधून चुळचुळत माघारी जातं... तो. त्याने आयुष्यातली निम्मी वर्षं तो आवाज डाव्या कानाला ठेवून त्या रस्त्याने घर गाठलं होतं. ओळखायला चूक होणार नाही.

तो पुढे निघाला. ब्रश घ्यायचे आणि फिरायचं, असं स्वतःला बजावत.

पायाखालची फरशी ओली होती.

आणि मग शिलाई मशीन सुरू झालं.

शिंप्याच्या शटरखालून उजेडाची पट्टी बाहेर आली होती. ज्याच्यामागे वीतभर जागा आणि भिंत, त्या शटरखालून. मशीन थांबलं. शटर वर गेलं.

“एवढा उशीर?”

दारात शिंपी उभा होता. गळ्यात टेप. उजेड पाठीमागे, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता.

“असा काय बघतोस? तुझ्या लग्नाचा कोट शिवला मी. एक बाही आखूड झाली तर वर्षभर ऐकवलंस.”

पेंटरच्या तोंडून आपसूक निघालं, “दोन्ही आखूड होत्या.”

शिंपी हसला. नाकातून, नेहमीसारखा.

पेंटर सांगतो, त्या क्षणी भीती वाटली नाही. आनंद झाला. आज त्याला भीती वाटते ती त्या आनंदाची.

“आमची सगळ्यांची दुकानं उघडलीस,” शिंपी म्हणाला. “आम्हाला न विचारता. आमच्या हाताला ब्रश न लावता. असू दे, तू तरी आठवण ठेवलीस. पण तुझंच बंद का?”

“उद्या... सकाळी.”

“उद्या कशाला?”

पलीकडचं शटर वर गेलं. मग त्याच्या पलीकडचं. मग सगळीच. प्रत्येक दारात उजेड. प्रत्येक दारात कुणीतरी उभं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

शिडी लावलेलीच होती.

ब्रश हातात होता. कधी उचलला, ठाऊक नाही. टोकाला रंग होता. ओला.

“चढ.”

“घरी जायचंय मला. थेंब घालायचेत...”

“घरी?” शिंपी म्हणाला. “अरे, घर वरच आहे तुझं.”

पेंटरने मान वर केली. पाटीच्या वर छत असायला हवं होतं. तिथे खिडकी होती. खिडकीत दिवा.

“अहो... येताय ना वर?”

वहिनींचा आवाज. आजचा नव्हे. लग्नानंतरचा, कोवळा.

तो शिडी चढला. हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. आपल्या पायांनी चढला. ब्रश कोपऱ्याला टेकवला. रेघ ओढू लागला. सुरेख चालली होती रेघ.

अर्धी झाली.

आणि त्याच्या मनात आलं... इथला प्रत्येक जण गेलेला आहे. याला मी पोचवलं. त्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. या रस्त्यावर जो कुणी आहे, तो गेलेला आहे.

मग वर ती कशी?

हात थांबला.

“ओढ,” शिंपी म्हणाला. आता तो हसत नव्हता.

लाट आपटली. पाणी माघारी गेलं.

“अहो...” वरून पुन्हा आवाज आला. या वेळी दमलेला. धाप लागल्यासारखा. एकेक पायरी थांबत थांबत चढावी, तसा.

“ओढ रे. बोटभर तर राहिलीय.”

...

पेंटरने ब्रश सोडून दिला.

उडी मारली. गुडघा फुटला. पळाला. समुद्र आता उजव्या कानाला होता, अगदी जवळ. मागून कुणी आलं नाही. कुणी हाक मारली नाही. एक शब्दसुद्धा नाही. ते जास्त वाईट होतं, म्हणतो.

वॉचमन काहीतरी विचारत होता. पेंटरने ऐकलं नाही. रिक्षात बसून त्याने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

किल्ली दोनदा खाली पडली, तेव्हा कुठे कुलूप उघडलं.

“अगं...”

चप्पल न काढता तो आत शिरला.

“अगं ए!”

आत अंधार. वहिनी खाटेवर होत्या, जशा सोडून गेला होता तशाच, उताण्या. त्याने नाकाशी बोट धरलं. श्वास होता. जलद, धावत आल्यासारखा, पण होता. पेंटर खाटेच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठून हात धुतले, मोबाइलचा उजेड उशाशी ठेवला, पट्टी सोडवली आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून थेंब घातले. डोळा वाचला हो. हातचा गेला नाही. आज त्या वर्तमानपत्र वाचतात आणि त्याला चुका दाखवतात.

पण त्या रात्री थेंबांनी त्या जाग्या झाल्या.

“आलात? केव्हाची हाका मारतेय मी.”

“फोन का नाही उचललास?”

“कुठे वाजला फोन?”

“हाका कुठून मारत होतीस?”

“कुठून म्हणजे... इथूनच.” मग त्यांनी मान उशीवरून थोडी उचलली. “इथूनच ना?”

पेंटरने पट्टी पुन्हा बांधली.

“हात भरून आलेत हो,” त्या म्हणाल्या. “बघा जरा.”

पोरांनो, त्या दुकानावरच्या खोलीत नळ नव्हता. नळ खाली, मागच्या अंगणात. खाली पेंटर रंगात रमलेला असायचा आणि वहिनी अंधाऱ्या जिन्याने बादल्या वर न्यायच्या. सकाळी, संध्याकाळी, तो रस्ता सुटेपर्यंत. त्या बादल्यांना मूठ नसायची, नुसती तारेची कडी, तळहातात रुतणारी. पेंटर म्हणतो, हे तो साफ विसरला होता. पाट्यांचे रंग सगळे आठवत होते. हे नव्हतं आठवत.

त्याने दिवा लावला आणि तिच्या मुठी उघडल्या.

दोन्ही तळहातांवर आडवे, खोल वळ होते. लाल. ताजे.

मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा दिसले.

अजून ताजेच आहेत.