प्रार्थनेतली जास्तीची ओळ

लेक लहान असताना बाजाराच्या गर्दीत हात सुटून हरवली होती. तेव्हा त्या आईने तिथेच, भाजीच्या टोपल्यांमध्ये गुडघे टेकून नवस बोलला होता, ‘प्रभू, माझं पोर परत दे. मग वाट चुकलेल्या प्रत्येकासाठी मी रोज मागेन, आणि तिलाही मागायला शिकवीन.’ दिवे लागायच्या आत पोर सापडलं. चपला तेवढ्या गेल्या. तेव्हापासून त्या घरच्या प्रार्थनेत एक ओळ जास्तीची असायची: ‘वाट चुकलेल्यांना घरी ने.’

नवस फेडण्यात तिने कधी कसूर केली नाही. आणि त्याच ओळीपायी लेकीची शाळा सुटायची वेळ आली. कशी, ते ऐका.

लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि सकाळची प्रार्थना सांगायचा मान तिला मिळाला. मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टरांच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिथे माइक. वर्गावर्गात फळ्याच्या वर एकेक स्पीकर. सुरुवातीचे दिवस कागदावरची छापील प्रार्थना वाचण्यात बरे गेले. मग एका सकाळी, लेकीने ‘आमेन’ म्हणायच्या आधीच, स्पीकरमधून कोणीतरी ‘आमेन’ म्हणालं. हळूच. घाईघाईने. लहान मुलाच्या आवाजात.

मोठी मुलं खिदळली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. मग धाकट्या वर्गांत रडारड सुरू झाली. माइकपाशी बसलेल्या लेकीला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. माइक बदलून झाला. खेळाचे सर दारात पहारा देऊन थकले. शेवटी दुसऱ्या मुलीला बसवलं, तर सगळं शांत! झालं, निकाल लागला. सोंग हिचंच.

“आई, मी नाही गं करत! किती जणांना सांगू?” लेकीने दप्तर भिरकावलं. “वर्गात मला भुताची मैना म्हणतात!”

“कबूल कर आणि मोकळी हो,” बाप ताटावरून म्हणाला. “माफी मागून जीभ झडत नाही.”

“जे केलंच नाही त्याची माफी?”

“मग परीक्षेच्या तोंडावर दुसरी कुठली शाळा दारात उभं करते, ते बघू या.”

आई शाळेत गेली. बाकावर बसून बसून कंबर धरली. शिपाई दर वेळी म्हणायचा, “सिस्टर कामात आहेत,” आणि आतून कपबशांचा आवाज यायचा. अखेर बोलावणं आलं.

“ताई, मुलगी हुशार आहे,” सिस्टर म्हणाल्या. “पण आवाज काढायची कला तिने नाटकात दाखवावी. शुक्रवारपर्यंत कबुली द्या, नाहीतर दाखला घेऊन जा.”

“एकदा तिलाच माइकवर बसवा आणि मला वर्गात बसून ऐकू द्या, सिस्टर. मग काय ते बोला.”

दुसऱ्या सकाळी ती धाकट्यांच्या वर्गात मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसली. स्पीकरमधून लेकीचा आवाज आला, कोरडा, कंटाळलेला. छापील प्रार्थना संपली. मग लेकीने सवयीने जोडलेली घरची ओळ आली: “वाट चुकलेल्यांना घरी ने...”

“आमेन.”

वर्गात कुबट, ओल्या कपड्यांचा वास पसरला. आईने मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. त्या आवाजात चेष्टा नव्हती. रडून दमलेल्या पोराला ‘घरी जायचं का?’ विचारलं की ते जसं पटकन ‘हो’ म्हणतं, तसा तो आवाज होता. आणि तिच्या ध्यानात आलं, दुसरी मुलगी छापील प्रार्थनाच वाचत होती. ही ओळ तिच्या तोंडी नव्हतीच.

सिस्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला. “मग ती ओळ गाळा. विषय संपला.”

इतके दिवस पोरीला सोलून काढली, आणि आता विषय संपला! आई खुर्चीतून उठली. “आणि तिला खोटारडी ठरवली, त्याचं काय?”

“मला शाळा चालवायची आहे, ताई.”

लेक दारात येऊन उभी राहिली होती. ती पुटपुटली, “ओळ गाळली, तर... ते जाईल कुठे, आई?”

मग आई म्हणाली, “सिस्टर, शाळा सुटल्यावर एकदाच ती ओळ मी म्हणते. तुम्ही माझ्या लेकीच्या ओठांकडे बघत राहा. मग म्हणा तिला खोटारडी.”

दुपारी शाळा रिकामी झाली. तिघी त्या अरुंद खोलीत उभ्या राहिल्या. सिस्टरांनी भिंतीवरची बटणं चाचपली, माइकचा लाल दिवा लागला. आईने डोळे मिटले आणि ओळ म्हटली.

काही नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग व्हरांड्याच्या पार टोकाच्या वर्गातून तेच लहान पोर म्हणालं, “आमेन.” शेजारच्या वर्गातून एक जाड पुरुषी आवाज. त्याच्या अलीकडे खोकत, थांबत, कुणी म्हातारी. एकेक वर्ग सोडत आवाज जवळ येत गेले... आणि शेवटचा ‘आमेन’ दाराच्या अगदी पलीकडून आला. कडी थरथरली.

लेकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. सिस्टरांनी ते पाहिलं. क्रूसाची खूण केली आणि तिला जवळ ओढलं.

“माझं चुकलं, पोरी. उद्यापासून तूच प्रार्थना सांगायचीस. त्या ओळीसकट.” मग भिंतीकडे बघत, अगदी खालच्या आवाजात, “पण ताई... वर्गांकडचं बटण मी लावलंच नव्हतं. तुमचे शब्द या खोलीबाहेर गेलेच नाहीत...”

लेक त्या शाळेतच शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली. आवाज येत राहिले, पण धाकटी मुलं आता रडत नाहीत. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: आज घरी प्रार्थनेला बसाल, तेव्हा ही एक ओळ तुम्हीही घाला. म्हणून झाल्यावर जरा थांबा, कुणाला घाई करू नका. आणि घरात माणसं किती, ‘आमेन’ किती, ते मात्र मोजू नका.