मूळ जागी

हेरंब सबनीस शीतगृहातल्या कोठडीच्या काचेवर हात ठेवून उभा होता. काचेपलीकडे त्याची बायको रेवती झोपली होती. त्याच वेळी ती चंद्रावरच्या वसाहतीत भाजीच्या वाफ्यांना पाणी देत होती.

हे स्थलसंक्रमण यंत्र हेरंबनेच बांधलं होतं. माणसाची प्रत काढायची, लहरींवरून चंद्रावर पाठवायची आणि तिथे उभी करायची. वर गेलेला माणूस चालतो, बोलतो, कामं करतो. खाली मूळ प्रत झोपून राहते. तिला नष्ट करायचं नाही, असा कडक नियम होता. पहिल्या चाचण्यांत ती नष्ट केली होती, तेव्हा वर गेलेली माणसं घडाघडा बोलत राहिली, पण आपण काय बोलतोय हे त्यांना कळेनासं झालं होतं. हे कोडं इंजिनियरांना सुटेना, म्हणून केंद्राने एक भाषाशास्त्रज्ञ नेमली, डॉक्टर शाकिरा मुजावर.

"काच झिजेल हो, सबनीस," शाकिरा मागून म्हणाली.

हेरंब वळला नाही. "काल पडद्यावर रेवती मला 'तुम्ही' म्हणाली. लग्नाआधीपासून कधी म्हणाली नव्हती. मला ओळखते, सगळं आठवतं तिला. पण बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलत होती. आणि मधेच म्हणते, आपला कोंडिबा बरा आहे ना?"

"कोण कोंडिबा?"

हेरंबने शेजारच्या कोठडीकडे बोट केलं. तिथे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ झोपले होते. कोंडिबा नाईकवाडी चंद्रावरच्या खाणीत मुकादम होते. रेवतीची आणि त्यांची वर कधी गाठही पडली नव्हती.

शाकिरा स्टूल ओढून बसली. "माझ्या व्याकरणाला तुम्ही हसता. आज ऐका. 'आपलं घर प्रत्येकाला आवडतं.' यात कुणाचं घर?"

"ज्याचं त्याचं."

"पण 'आपलं' कानावर पडतं तेव्हा 'प्रत्येकाला' अजून आलेलंच नसतं. मग अर्थ लागला कुठून?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला पगार त्याचाच मिळतो."

"मूळ वाक्य 'प्रत्येकाला आपलं घर आवडतं'; 'आपलं घर' तिथे 'प्रत्येकाला'च्या पलीकडे होतं. तिथून ते पुढे नेलं. ऐकू येतं ते पुढे, पण मूळ जागी त्याची एक मुकी प्रत उरते, आणि आपला मेंदू अर्थ तिथे लावतो. 'आपलं' म्हणजे कुणाचं, हे त्या मुक्या प्रतीच्या शेजारी कोण आहे त्यावरून ठरतं. तुमच्या यंत्राने माणसांचं तेच केलंय. रेवती बोलते वर, पण तिचं आपलं कोण हे इथे ठरतं."

"पण आधी तर ती नीट होती."

"आधी तुम्ही याच दालनात काम करत होता. बढती मिळाली आणि वरच्या मजल्यावर गेलात. शेजारी उरला कोंडिबा."

हेरंबने कोंडिबाच्या कोठडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग मीही जातो. कोंडिबाला दुसरीकडे हलवा आणि या कोठडीत मला ठेवा. मी तिच्याशेजारी, ती माझ्याशेजारी. चुकतंय काही?"

"नाही, हिशेब बरोबर आहे," शाकिरा म्हणाली. पण तिचा चेहरा खुलला नाही. "एवढं लक्षात ठेवा, ही वाट एकाच दिशेची. वर गेलेला माणूस पृथ्वीवर परतला की दोन्ही प्रती मुक्या होतात. कायमच्या."

"परतायचंय कुणाला?"

हेरंब वर पोचला तेव्हा रेवती मातीच्या हातांनीच धावत आली. "किती उशीर केलास रे! आणि हे काय, वाळलास किती!" तिच्या तोंडचं ते 'रे' ऐकून त्याला रडू कोसळलं. पुढचं वर्षभर वसाहतीत त्यांच्याइतकं सुखी कुणी नव्हतं. रेवतीला दिवस गेले तेव्हा शेजारणींनी हौसेने टोपडी शिवली.

मुलगा झाला. बाळ निरोगी होतं, नाक हुबेहूब हेरंबचं होतं. सुईणीने ते रेवतीच्या कुशीत दिलं. रेवतीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "छान आहे हो. कुणाचं?"

सगळे हसले. रेवती हसली नाही. हेरंबने बाळ घेतलं. हा आपला मुलगा, हे त्याला कळत होतं, पण दवाखान्यात कुणाचं तरी मूल दोन मिनिटं धरायला द्यावं, तसं त्याला वाटत होतं. बाळाने त्याचं बोट मुठीत पकडलं. ते सोडेपर्यंत हेरंब संकोचून उभा राहिला.

आठवडे उलटले तरी फरक पडेना. दोघं त्याला वेळेवर आंघोळ घालत, बाटलीने पाजत, कारण रेवतीला दूध आलंच नव्हतं. बाळ मात्र त्यांच्याशिवाय कुणाकडे राहत नसे. ते रडायला लागलं की दोघं एकमेकांकडे बघत, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तसे.

शेवटी हेरंबने शाकिराला पडद्यावर गाठलं.

"त्याला तुम्ही हलवलेलं नाही," ती म्हणाली. "तो वरच जन्मला. त्याची मूळ जागा तीच, म्हणून त्याला तुम्ही दोघं आपली वाटता. पण तुमचं आपलं इथे ठरतं, आणि इथे तो नाही."

"मग उपाय?"

"साध्या यानाने त्याला खाली पाठवा. तुमच्या दोन कोठड्यांच्या मधे पाळणा ठेवते. मग माया येईल. पण सबनीस..."

"पाठवतो," हेरंब म्हणाला. परक्याचं मूल घरी पोचवायचं असावं, इतक्या सहज म्हणाला. रेवतीनेही बाळाच्या पिशवीत दुपटी घड्या करून भरली. यान उडालं तेव्हा ती वाफ्यांकडे परत गेली.

पाळणा शीतगृहात ठेवला गेला त्या सकाळी रेवती पालक खुडत होती. खुडता खुडता थांबली. तिने छातीला हात लावला. पोलकं ओलं झालं होतं.

"हेरंब," ती ओरडली, "तो रडतोय रे! कुणी घेत का नाही त्याला?"

पडदा बंद होता, आवाज कुठूनच येत नव्हता. तरी हेरंबला कळलं की बाळ रडतंय, मुठी वळून, लालबुंद होऊन. त्याचं बाळ. तो दाराकडे धावला. बाहेर राखाडी माळ होता आणि त्यावर दूर पृथ्वी दिसत होती.

खाली, पाळण्याच्या दोन्ही बाजूंना, काचेमागे, हातभर अंतरावर त्याचे आईबाप झोपले होते. बाळ रडत होतं ते वर राहिलेल्या दोघांसाठी. या दोघांकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.