एझ्राच्या खिशातली बी

मार्च महिन्यात एका सकाळी मी एझ्राची दाढी करायला गेलो. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. आमच्या डोंगरात माणूस मेला की त्याची दाढी दोस्तानं करायची, आणि एझ्रा हॉलब्रुकला माझ्याइतका जुना दोस्त दुसरा नव्हता. त्याच्या बुटात बेडूक सोडणारा मी, त्याच्या फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तारांना लोणी फासणाराही मीच. वस्तरा उघडून मी त्याला म्हणालोसुद्धा, "आता हलू नकोस हं." नाही हलला. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं.

हलत होते ते माझे हात. सांधे सुजून बोटं झाडाच्या मुळांसारखी वाकडी झालेली. दोन हिवाळे माझं फिडल खिळ्याला टांगलेलं होतं. शर्टाचं बटण लागेना, तिथे तारा कुठल्या दाबतोय? चाळीस वर्षं या खोऱ्यातली लग्नं मी नाचवली. फिडलशिवाय मी, हॉबर्ट, म्हणजे नुसता तोंडाळ म्हातारा, आणि तसले इथे दगडागणिक एक सापडतात.

एझ्रा मात्र ऐंशीव्या वर्षीही मरायच्या आदल्या शनिवारपर्यंत वाजवत होता. डाव्या हाताची करंगळी तरुणपणी कोळशाच्या खाणीत मोडलेली, खिळ्यासारखी ताठ. तीनच बोटांवर वाजवायचा, आणि मी चार बोटांवर वाजवायचो त्याहून चांगलं. मला हे तो जिवंत असताना कबूल करायचं नव्हतं.

त्याचं गुपित सगळ्यांना ठाऊक होतं. इथे प्रत्येक म्हातारा बकआयच्या झाडाची एक तपकिरी, गुळगुळीत बी खिशात बाळगतो. ती सांध्यांचं दुखणं पिते. एका माणसाची एकच बी. कुणाला द्यायची नाही, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर शवपेटीत घालायची, कारण आयुष्यभर प्यालेलं सगळं तिच्यात असतं. माझी बी आळशी निघाली होती. एझ्राची कामसू.

त्याची बायको मिंटी स्वयंपाकघरात कॉफी करत होती. मी एझ्राच्या विजारीच्या खिशात हात घातला, त्याची बी काढली आणि माझी ठेवली. शेवटची थट्टा म्हणा.

आठव्या दिवशी माझं मीच बटण लावलं. दहाव्या दिवशी फिडल खिळ्यावरून काढलं. काय सांगू, रडलो. मग लक्षात यायला लागलं, की सूर माझा धरावा आणि संपताना तो एझ्राचा व्हावा. आणि डावी करंगळी बाजूला उभीच राहायची, तारेला शिवायची नाही. म्हटलं, दोन वर्षांचा आळस असेल.

मे महिन्यातल्या रविवारी सगळं खोरं टेकडीवर थडगी साफ करायला जमतं. फुलं वाहायची, मग लांब टेबलांवर घेवड्याच्या शेंगा, कोंबडी आणि सात तऱ्हेचे केक. जेवताना सगळे मागे लागले, एझ्रासाठी वाजव म्हणून. मिंटीनं केरसुणीतून दोन काड्या उपटल्या. एझ्रा वाजवायचा तेव्हा ती त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहून त्याच तारांवर काड्यांनी ठेका धरायची; एका फिडलवर दोघं. एकोणपन्नास वर्षं. दुसऱ्या कुणासाठी कधीच नाही. त्या दिवशी माझ्यासाठी आली.

एझ्राच्या थडग्याशी उभा राहून मी वाजवायला लागलो आणि लोकांचं चावणं थांबलं. बारा दिवस पाऊस नव्हता, तरी फिडलच्या पोटातून ओल्या चिकणमातीचा वास येत होता. मग पायांखालून आवाज आला. कोरडा. एकेक बोट मोडावं तसा... कट्... कट्... बरोबर ठेक्यात.

काड्या थांबल्या. मिंटी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. डाव्या हाताकडे बघत होती.

"एझ्रा," ती हळूच म्हणाली, "हात फार दुखतात का रे?"

जित्याची खोड. मी म्हणालो, "मिंटी, मी हॉबर्ट. दोघांतला देखणा."

ती हसली नाही. "एझ्रा स्वप्नात येतोय... म्हणतो, मिंटी, तू छातीवर हात जुळवून ठेवलेस ते राहत नाहीत... वाकडे होतात. काय ठेवलंस त्याच्या खिशात?"

"मीच कशावरून?"

"तुझ्याशिवाय हे कोण करणार, मेल्या."

मी सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "त्याची त्याला दे."

खोटं कशाला बोलू, मी लगेच दिली नाही. हातातल्या फिडलकडे बघत उभा राहिलो. खालून पुन्हा कट्... झालं, तेव्हा गुडघ्यांवर बसलो, थडग्याच्या उशाशी कोपरापर्यंत माती उकरली आणि बी आत सोडली. हात बाहेर काढायच्या आत बोटं मातीतच आखडली. दोघांनी धरून ओढलं मला. लोक हसले, त्यांना वाटलं हॉबर्टचं नवं सोंग. मीही हसू दिलं.

फिडल परत खिळ्यावर आहे. हात पुन्हा मुळांसारखे, रात्रंदिवस ठणकतात. फक्त ही डावी करंगळी. दिवा जरा इकडे घे, बघ. खिळ्यासारखी ताठ, आणि दुखत नाही. माझी करंगळी कधी मोडलेली नव्हती.

दर शनिवारी दुपारी मिंटी येते. बदकाची चरबी कोमट करून आणते आणि या एकाच बोटाला चोळते. उरलेल्या नवांची विचारपूससुद्धा नाही. चोळताना त्याच्याशी बोलत असते. कुठली कोंबडी अंडी घालत नाही, छप्पर कुठे गळतं. मी खिडकीबाहेर बघतो. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये.

एकदा म्हणालो, "मिंटी, बी तर परत दिली ना आपण..."

"तू गप्प बस," ती म्हणाली. मग बोटाकडे वाकून, "तू बोल."

काल शनिवार होता. जाताना ती गुणगुणत गेली. आज सकाळी उठलो तर करंगळीशेजारचं बोटही सरळ झालेलं. सूज नाही, दुखणं नाही. दिवसभर मी त्याला वाकायला सांगतोय.

ते माझं ऐकत नाही.